माझा भाऊ कंत्राटदार नव्हता

"बॉडी कोणाची आहे?" साहेबांनी विचारलं.

"कंत्राटदाराची, सर," सुपरवायझर म्हणाला.

"मग कंत्राटदाराला फोन लावा. त्याची जबाबदारी आहे. येऊन घेऊन जाऊ दे."

सुपरवायझर घुटमळला. मग म्हणाला, "सर, कंत्राटदार हाच हाय."

कोणीतरी हसलं. मोठ्याने नाही. हसू दाबताना नाकातून निसटतं, तेवढंच. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तो चेहरा जन्मभर लक्षात राहिला असता. आता मला तिथला प्रत्येक चेहरा हसलेला आठवतो.

माझा भाऊ काँक्रीटच्या ओट्यावर पडलेला होता. अंगावर चड्डी, कमरेला दोर. केसांतून पाणी गळत होतं आणि ओट्याच्या उतारावरून सावकाश साहेबांच्या बुटांकडे जात होतं. साहेब एक पाऊल मागे सरकले. वहिनी खाली बसून त्याच्या कमरेची गाठ सोडत होती. ओल्या दोराची गाठ सुटत नाही. ती दातांनी सोडायला वाकली, तेव्हा सुपरवायझरने तोंड फिरवलं. मी कॉलेजातून तशीच आले होते. खांद्याला पर्स होती, पर्समध्ये मुलांचे न तपासलेले पेपर.

शेडखाली कारखान्याची अँब्युलन्स उभी होती. पांढरी, धुतलेली. ड्रायव्हर आत बसलेला.

"ती गाडी द्या," मी म्हणाले.

"मॅडम, ती एम्प्लॉयींसाठी आहे," साहेब म्हणाले. आवाजात राग नव्हता. "दुसऱ्या कोणाला नेलं तर इन्शुरन्सचा प्रश्न येतो. तुम्ही शिकलेल्या आहात, समजू शकता."

मी शिकलेली आहे. मला समजलं. माझा भाऊ धानाच्या ट्रॉलीतून घरी आला. ट्रॅक्टर गावातल्या एकाने दिला. ट्रॉलीच्या तळाला भुसा चिकटलेला होता. घरी आंघोळ घालताना तो भुसा त्याच्या पाठीवरून निघता निघत नव्हता.

कारखान्याचं नाव मी लिहीत नाही. नदीकाठी असे कारखाने आता पुष्कळ झाले आहेत, आणि प्रत्येकाच्या फाटकाबाहेर आमच्यासारख्यांचा एक मोहल्ला आहे.

आम्ही धीवर. गावात वरच्या अंगाला धानवाल्यांची घरं, खालच्या अंगाला आम्ही, पाण्याला लागून. वडील तलावात शिंगाडा लावायचे, नदीत जाळं टाकायचे. दादा सातवीत शाळेतून निघाला. का, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, शाळा तलावाच्या त्या काठावर आणि मासोळ्या या काठावर, मी काय करू? मला मात्र त्याने शिकवलं. तालुक्याच्या गावी, मूलला कॉलेज, पुढे एम. ए. राज्यशास्त्र. तो मला मॅडम म्हणायचा. आधी थट्टेने, नंतर सवयीने. "मॅडम, आज मरळ भेटली. डोकं तुले, अक्कल वाढते."

आमच्याकडे एक रीत आहे. पाण्याने माणूस नेला तर तो काढून द्यायचा, आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. नारळ देतात, तोही नदीत सोडायचा. दादा पोलिसांनी बोलावलं की जायचा, गावाने बोलावलं की जायचा. कारखान्यातला एक परमुलखातला मजूर आंघोळीला उतरला आणि बुडाला, तेव्हाही गेला. दिवस मावळायच्या आत त्याने तो पोरगा वर आणला. तेव्हाच्या साहेबाने खिशात हात घातला. दादा म्हणाला, "मुडद्याचे पैसे नाई घेत जी आमी."

साहेबाला ते फार आवडलं म्हणे. त्याने दादाला चहा पाजला आणि जॅकवेल दाखवली. नदीच्या पात्रात बांधलेली खोल गोल विहीर. तिथून पंप पाणी खेचतात आणि कारखान्याला देतात. विहिरीच्या तळाशी, पाणी आत येतं त्या तोंडाला लोखंडी जाळी असते. पावसाळ्यात नदी सगळं घेऊन येते. फांद्या, बेशरमाची झुडपं, प्लॅस्टिक, मेलेली जनावरं. जाळी बुजली की पाणी थांबतं, पाणी थांबलं की कारखाना थांबतो. कोणाला तरी नदीच्या बाजूने खाली उतरून हातांनी ती जाळी मोकळी करावी लागते.

दादाला ते काम मिळालं. घरात आनंद झाला. मीही आनंदले.

त्याच्याकडून एका कागदावर सही घेतली. काय आहे, त्याने विचारलं. "तू आता ठेकेदार झाला," सुपरवायझर म्हणाला. सुपरवायझर आमच्याच गावचा, वरच्या अंगाचा. मोहल्ल्यात ही बातमी आली तेव्हा खूप मजा झाली. दादा मासे विकायला बसला की बाया हाक मारायच्या, "काय जी ठेकेदार, तुमचे मजूर कुठी हायेत?"

"चार मजूर हायेत ना माह्याजवळ," दादा म्हणायचा. "दोन हात, दोन पाय. चारही बिनापगारी."

आता मी त्या सगळ्या वर्षांकडे बघते तेव्हा तो कुठे ठेकेदार होता, ते शोधते. सापडत नाही.

पावसाळाभर सकाळच्या भोंग्याला त्याला फाटकावर हजर राहावं लागायचं, जाळी बुजलेली असो वा नसो. दिवसभर शेडमध्ये बसायचं. मध्ये उठून नदीवर जाळं टाकायला जाता येत नव्हतं. वहिनीच्या माहेरी लग्न होतं. न विचारता गेला. परत आल्यावर त्याला पंधरवडाभर फाटकाबाहेर उभं ठेवलं. काम नाही, जा असंही नाही. उभा राहा. तो उभा राहिला. एकदा नदीला लोंढा होता, म्हणाला, आज नाही, उद्या उतरतो. सुपरवायझर म्हणाला, "मंग उद्यापासून येऊच नको." तो त्याच दिवशी उतरला. त्याच्या जागी मेहुण्याला पाठवलं तर चालत नसे. तुलाच यायचं. डोक्यावर कारखान्याचं हेल्मेट, पण त्यावर नाव नाही. कॅन्टीनमध्ये जेवायचं नाही, ते एम्प्लॉयींचं. डबा शेडमागे बसून खायचा.

एकदा त्याने जाकीट मागितलं होतं. बाकीच्यांना ओट्यावर उभं राहतानाही नारंगी जाकीट असायचं. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "ढिवराले कायचं जाकीट रे? मासोळी कवा बुडते का?"

सगळे हसले. दादाही हसला. घरी येऊन त्याने ते आम्हाला हसतच सांगितलं. मी नाही हसले. मी पुस्तक उघडून बसले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तुले राग येते, मले काम येते. दोनी एका घरात पायजेत."

आता दोराबद्दल सांगते.

खाली उतरणारा माणूस कमरेला दोर बांधतो. दुसरं टोक वर कोणाच्या तरी हातात असतं. खाली काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही. बोलायचं ते दोरानेच. एक हलका झटका, ढील द्या. लागोपाठ झटके, ओढा. थांबायचं असेल तर दोर ताणून धरायचा. शिकवायला सोपं आहे, पण शिकवून येत नाही. हातात दोर धरून वर्षं काढावी लागतात. म्हणून आमच्यात दोर घरचंच माणूस धरतं. वडील उतरायचे तेव्हा आई धरायची. दादाचं लग्न झालं आणि दोर वहिनीकडे आला. त्याचा श्वास किती पुरतो ते तिला ठाऊक होतं. तो खाली असताना ती स्वतःचा श्वास धरून बसायची, हे तिने मला नंतर सांगितलं. आणि दोर दादाचा स्वतःचा. दुसऱ्याच्या दोरावर आमचा माणूस उतरत नाही. कारखान्याने चांगला नायलॉनचा दोर देऊ केला होता. त्याने हात लावला नाही. घरी वळलेला आणला.

आधीच्या साहेबाला या सगळ्याचं काही नव्हतं. वहिनी ओट्यावर बसायची, दोर धरायची, काम व्हायचं. मग नवे साहेब आले. त्यांनी ओट्याला कुंपण घातलं, पाट्या लावल्या. बाहेरच्या व्यक्तीला आत येण्यास मनाई. वहिनी बाहेरची व्यक्ती ठरली.

पाट्या लागल्या त्या संध्याकाळी जेवताना यावर बोलणं झालं. मी होते.

"मंग दोर कोन धरल?" वहिनीने विचारलं.

"गार्ड धरते म्हनते."

"त्याले येते का?"

"शिकवलो ना. येऊन जाईल."

"तुमी नाई म्हना ना. बायको नसल त मी उतरत नाई म्हना."

दादा भात कालवत राहिला. "नाई म्हनलो त दुसऱ्याले बलावतीन," तो म्हणाला. मग हसला. "आन् तसंबी तू दोर धरून धरून म्हातारी होऊन राह्यली. आराम कर थोडा."

वहिनीने आराम केला नाही. ती रोज त्याच्यासोबत जायची आणि कुंपणाच्या तारेला धरून उभी राहायची. तेवढी मुभा होती. तार बाहेरच्या जमिनीवर होती.

दादा गेला त्या दिवशीही ती तिथेच होती. पुढचं मला तिने सांगितलं आहे. एकदाच. मी पुन्हा विचारलेलं नाही.

नदी उतरायला लागली होती. जाळी घट्ट बुजली होती. पंप बंद केले, दादा उतरला. काम लांबलं. वर कोणाचा तरी फोन आला, प्लांटमध्ये पाणी कमी पडतंय. पंप अजून बंद का, असं सुपरवायझरने ऑपरेटरला विचारलं, आणि ऑपरेटरने बटण दाबलं. वहिनीने तारेपलीकडून पंपाचा आवाज ऐकला. मग दोर हलला. लागोपाठ झटके. ओढा, ओढा, ओढा. गार्डने दोराकडे बघितलं आणि ढील दिली. त्याला वाटलं, दोर कमी पडतोय. वहिनी ओरडली, "ओढा! ओढा त्यायले!" ती तारेवर चढली. हातांना काटे लागले. दुसऱ्या गार्डने तिला मागे ओढलं, कारण बाहेरच्या व्यक्तीला आत येण्यास मनाई होती. ती ओरडत राहिली आणि गार्ड ढील देत राहिला. माणूस वाईट नव्हता. त्याला वाटत होतं, तो मदत करतोय.

पंप पाण्यासोबत माणसालाही जाळीवर चिकटवून ठेवतो. सोडत नाही.

शेजारच्या मोहल्ल्यातले दोघे आले आणि त्यांनी दादाला वर काढलं. साहेबांनी त्यांना सांगितलं, तुमचं बिल द्या, पास करतो. त्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि ओले कपडे पिळत निघून गेले.

तेरवी झाली. त्यानंतर आम्हाला ऑफिसात बोलावलं. वहिनीला आणि मला. या वेळी कुंपणाच्या आत, एसीच्या खोलीत, खुर्च्यांवर. चहा आला. आम्ही घेतला नाही. साहेबांनी हात जोडले, झालं ते वाईट झालं म्हणाले. मग एक कागद पुढे केला. मयत हा स्वतंत्र कंत्राटदार असून स्वतःच्या मर्जीने व स्वतःच्या जबाबदारीवर पाण्यात उतरला होता. कुटुंबाची कारखान्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. कारखाना माणुसकीच्या नात्याने मदत देत आहे. खाली आकडा होता. आमच्यासाठी मोठा.

मी वहिनीला वाचून दाखवलं. तिच्या तळहातांवर तारेच्या जखमांच्या खपल्या होत्या. ती त्यांच्याकडे बघत होती.

"हे 'स्वतंत्र कंत्राटदार' का लिहिलंय?" मी विचारलं.

साहेबांना प्रश्न आवडला असावा. ते पुढे वाकले. "बघा मॅडम, फरक साधा आहे. कर्मचाऱ्याला आपण काय करायचं ते सांगतो आणि कसं करायचं तेही सांगतो. त्याला अवजारं आपण देतो. त्याचं काही झालं तर जबाबदारी आपली. कंत्राटदाराला फक्त काय हवं ते सांगतो. कसं, ते त्याचं तो बघतो. अवजारं त्याची, पद्धत त्याची, जोखीम त्याची. तुमच्या भावाचा दोरसुद्धा स्वतःचा होता. आम्ही दोर दिला, त्याने घेतला नाही. तो स्वतःचा मालक होता. मला तर त्याचा आदर वाटतो."

असं वर्गात मीही शिकवायचे. आधी व्याख्या, मग उदाहरण. ते बोलत होते आणि मला दिसत होतं की त्यांनी आमची रीत उचलून आमच्याच गळ्याभोवती घातली आहे. दुसऱ्याच्या दोरावर उतरायचं नाही, हा आमचा मान. त्याचा पुरावा झाला. तो स्वतःचा दोर घेऊन आला, म्हणून त्याच्या मरणाशी तुमचा संबंध नाही. मला तिथेच रडू फुटलं असतं. पण व्याख्येतला एक शब्द माझ्या डोक्यात अडकून बसला होता. कसं.

"दोर त्याचा होता," मी म्हणाले. "दोर धरायला कोणाला उभं करायचं, हे कोणी ठरवलं?"

"म्हणजे?"

"दोर माझी वहिनी धरायची. तिला बाहेर कोणी काढलं?"

"ते त्यांच्याच सुरक्षिततेसाठी होतं. सेफ्टी पॉलिसी आहे."

"पॉलिसी कोणाची?"

"अर्थात कारखान्याची."

"त्याला ती नाकारता आली असती?"

"नाही मॅडम. पॉलिसी म्हणजे पॉलिसी. सगळ्यांना लागू."

"मग तो कसला स्वतःचा मालक? कधी यायचं ते तुम्ही सांगितलं. कधी उतरायचं ते तुम्ही सांगितलं. त्याचा जीव कोणाच्या हातात द्यायचा, तेही तुम्हीच ठरवलं. आणि तो मेल्यावर म्हणता, कसं करायचं ते त्याचं त्याने बघितलं."

माझा आवाज मोठा नव्हता. मी मोठ्याने बोलू शकत नाही, मुलंही तक्रार करतात. दाराशी उभा असलेला सुपरवायझर जमिनीकडे बघत होता.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"मॅडम," ते म्हणाले, "तुम्ही कॉलेजात तासिकेवर आहात ना? परमनंट नाही. तुमच्या संस्थेच्या अध्यक्षांना मी ओळखतो. चांगले गृहस्थ आहेत. तुम्हाला पुढे काही करायचं असेल, तर असं प्रत्येक गोष्टीला..." आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं.

तेव्हा मला माझं स्वतःचं दिसलं. मीही घंटेला हजर असते. कोणता धडा, कोणता वर्ग, कोणता पेपर, सगळं ते ठरवतात. तास झाला नाही तर मी त्या दिवशी कोणीही नसते. उन्हाळ्यात मी नसतेच. दरवर्षी माझ्याकडून लिहून घेतात की मी कायम नोकरीवर हक्क सांगणार नाही. इतकी वर्षं मी ते लिहून देत आले होते, आणि वर्गात मुलांना समतेचं कलम पाठ करायला लावत होते. कुंपणाच्या बाहेर वहिनी एकटी नव्हती. मीही बाहेरच उभी होते. फक्त माझ्या अंगावर इस्त्रीची साडी होती.

मी कागद त्यांच्याकडे सरकवला. "ही सही आम्ही करणार नाही."

"त्यांना विचारा," साहेब म्हणाले. "वारस त्या आहेत."

वहिनी उठली होती. खुर्ची तिने जागच्या जागी लावून ठेवली, कोणाच्या घरी ठेवतात तशी. आणि दाराकडे चालू लागली.

आम्ही बाहेर आलो. बस थांब्यावरच्या दगडावर मी बसले. मला वाटत होतं, मी काहीतरी जिंकले आहे.

असं काही झालं नाही.

पुढच्या सत्रात कॉलेजने मला कळवलं की तासिका कमी झाल्या आहेत, गरज पडली तर बोलावू. अजून गरज पडलेली नाही. सुपरवायझरने गावात सांगितलं की मास्तरीण पोरीने स्वतःच्या घरात येणारा पैसा अडवला. मोहल्ल्यातच ते लोकांना पटलं. पाण्यावर गेले की बाया बोलायच्या थांबतात. एकीने तोंडावर म्हटलं, "भाऊ त गेलाच, बाई. भावजयचं पोट काऊन मारून राह्यली?" मी घागर भरून घरी आले. वहिनी दुसऱ्यांच्या बांधीत धानाच्या रोवण्याला जाते. कमरेत वाकून दिवसभर चिखलात. घरी आली की तिच्याच्याने बोलवत नाही. मी शिकवण्या घेते. दोघींचं मिळून कसंबसं चालतं. काही दिवशी चालत नाही.

आम्ही कामगारांच्या कोर्टात अर्ज केला आहे. चंद्रपूरला जायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. दोर धरणारा गार्ड आता दुसऱ्या राज्यात आहे. ऑपरेटरला काही आठवत नाही. कारखान्याच्या वकिलाने दादाच्या दोराचा फोटो कागदपत्रांना लावला आहे. मोठा, रंगीत. दोराचा पीळ स्पष्ट दिसतो. वहिनीने तो फोटो बघितला आणि पदर तोंडात धरला. आमचा वकील भला माणूस आहे. तो म्हणतो, ताई, खोटं सांगत नाही, आपण हरूही शकतो.

पुढच्या पावसाळ्यात कारखान्याने सिंदेवाहीकडचा एक माणूस आणला. आमच्याच समाजाचा. मी त्याच्या घरी गेले. ओसरीवर बसून त्याला सगळं सांगितलं. भोंगा, फाटक, गार्ड, पंप. हजेरीपुस्तकात नाव लावा म्हण, म्हटलं. दोर धरायला घरचं माणूस मागून घे. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. पाणी दिलं. मग म्हणाला, "बाई, तुमी खरं बोलून राह्यल्या. मले समजते. पन मी नाई म्हनलो त ते माह्यापासून नाई थांबत. तिसरा येते. आन् माह्या घरी खानारे तोंडं हायेत." तो दादाचंच वाक्य बोलत होता. मी परत आले. तो उतरतो. गार्ड दोर धरतो. पाऊस लागला की मी रात्रंदिवस कान देऊन असते.

मला हे कबूल करायला लाज वाटत नाही की मी खचले आहे. पुस्तकं उघडते, वाचवत नाहीत. ज्या पानांवर कामगार आणि कंत्राटदार यांच्यातला फरक समजावलेला आहे, ती मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. ती चांगल्या माणसांनी लिहिली असावीत. पण त्यांना वाटलं असावं की फरक एकदा नीट सांगितला की काम संपलं. इथे फरक सगळ्यांना ठाऊक आहे. साहेबांना माझ्याहून चांगला ठाऊक आहे. तो ठाऊक आहे म्हणूनच कागद तसा केला आहे.

मागच्या आठवड्यात सुपरवायझर घरी आला. बाहेरच उभा राहिला. आकडा वाढवलाय म्हणाला. मजकूर तोच. कोर्टातला अर्ज मागे घ्या, सही करा, साहेब स्वतः येऊन देतील. "वयनी, इचार करा," तो म्हणाला. "हे शेवटचं हाय."

तो गेल्यावर मी वहिनीजवळ बसले. ती तांदूळ निवडत होती. जे मला सांगायचं होतं ते मी सांगून टाकलं. वारस तू आहेस. सही कर म्हणालीस तर मी कागद आणून देईन, एक शब्द बोलणार नाही. तू चिखलात राबतेस आणि मी तत्त्व सांगते, हे मला सोसत नाही.

ती खडे वेचत राहिली. मला वाटलं, ती आता हो म्हणेल. तिने हो म्हणावं असंही एका बाजूने मला वाटत होतं, हे लिहून ठेवते.

"काय लिवलं हाय त्या कागदात?" तिने विचारलं. "पुन्यांदा सांगा."

"स्वतःच्या मर्जीने पाण्यात उतरला."

"मर्जीनं," ती म्हणाली. तिने सूप खाली ठेवलं. "बाई, मी तारेवर होतो. मी पायलं. त्यायची मर्जी वर यायची होती. कोर्टात हरलो त हरलो. उपाशी मरू. पन तो मर्जीनं मेला, असं माह्या हातानं मी लिवून देनार नाई. आन् तुमीबी मले पुन्यांदा इचारू नोका."

मी विचारणार नाही.

पुढची तारीख लागली आहे. साक्ष माझी आहे. मी उभी राहून सांगणार आहे की माझा भाऊ त्यांचा कामगार होता. त्यांच्या भोंग्यावर यायचा, त्यांच्या हुकमावर उतरायचा, त्यांच्या नियमाने मेला. त्यांचे वकील उलट विचारतील, मी पुन्हा तेच सांगेन. हसतील, तेव्हा या वेळी मी वळून बघेन, कोण हसतंय ते. इथे हरलो तर वरच्या कोर्टात जाऊ. मला पुन्हा तासिका दिल्या, तर हक्क सोडल्याचं लिहून देण्याऐवजी मी तो कागद फाडेन. माझ्या वर्गात जे शिकवायचे, ते आता नदीकाठच्या प्रत्येक मोहल्ल्यात सांगणार आहे. कोणी ऐकलं नाही तरी.

सही होणार नाही.